दोष यंत्राचा, संशय माणसावर



पुणे-सातारा महामार्गाने खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडून साताऱ्याच्या दिशेने थोडे पुढे गेले की भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक हे गाव लागते. तेथे माझ्या भाच्याचे सिमेंट, पत्रे व लोखंडी सळ्यांचे दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात एके सकाळी त्याचा दूरध्वनी आला. "मामा, एक दिवस काढून दुकानी या. संगणक वरचेवर बंद पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. अन् खरे सांगू का, मला आता दिवाणजींचाच संशय येऊ लागला आहे."

दिवाणजी त्या दुकानात सत्तावीस वर्षे आहेत. भाच्याच्या वडिलांच्या काळात ते लाल बासनातल्या वहीत किर्द-खतावणी लिहीत. पुढे पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते संगणकावर नोंदी करण्यास शिकले. भाच्याचा युक्तिवाद असा होता : एरवी यंत्र चालते, परंतु "अमक्या गिऱ्हाइकाच्या खात्याचा उतारा काढून द्या" असे सांगितले की नेमका त्याच वेळी पडदा काळा होतो. उतारा हाती पडत नाही, विषय उद्यावर जातो. खात्यात काही दडवायचे असेल तर माणूस मागची वायरही हलवील, असे त्याच्या मनाने घेतले होते. तोंडाने तो काही बोलला नव्हता; पण गल्ल्याची किल्ली त्याने दिवाणजींकडून मागून घेतली होती. सत्तावीस वर्षांनी किल्ली परत मागितली गेल्यावर आणखी काही बोलावे लागत नाही.

यंत्राचे आणि माणसाचे असे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की काय होते, हे मी बँकेत अनेकदा पाहिले आहे. मी नोकरीस लागलो तेव्हा सारे लेजर हाती लिहिले जात. १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला आणि त्यानंतरच्या वर्षांत शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. त्यापूर्वी खात्यांचा ताळा जुळविण्यासाठी रात्री जागवाव्या लागत. ताळ्यात फरक निघाला की नवखा कारकून लगेच कोणाची तरी चूक शोधू लागे. मुरलेला अधिकारी आधी फरकाच्या रकमेकडे पाही. रकमेला नऊने पूर्ण भाग गेला तर कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव. ८३० चे ३८० लिहिले गेले तर फरक ४५० येतो आणि तो नऊने भागला जातो. फरक २,५०० असेल तर १,२५० ची एखादी रक्कम जमेऐवजी नावे पडली आहे का, ते पाहायचे. फरक स्वतःच आपला माग सांगत असतो. संगणकाच्या आजारालाही हीच रीत लागू पडते.

म्हणून मी भाच्याला म्हटले, "येतो, पण आठ दिवसांनी. तोवर दोन कामे कर. आजच्या आज हिशेबाच्या सगळ्या माहितीची प्रत पेन ड्राइव्हवर घे आणि तो ड्राइव्ह दुकानात ठेवू नकोस, घरी ने. दुसरे, एक शंभर पानी वही घे. संगणक बंद पडला की किती वाजले, त्या क्षणी कोणते काम चालू होते, पडद्यावर निळे पान आले की पडदा थेट काळा झाला, दिवे मिणमिणले का, आणि दुसरे कोणते यंत्र चालू होते, एवढे पाच रकाने भरत जा." नोंदी ठेवण्याचे काम मी भाच्याच्या महाविद्यालयीन मुलाकडे दिले. वादात पडलेल्या दोघांपैकी कोणाच्याच हाती ती वही नको होती.

माहितीची प्रत आधी घेण्याचे कारण सांगतो. सहा महिन्यांपूर्वी एका दुरुस्तीवाल्याने याच तक्रारीवर विंडोज पुसून नवे टाकून दिले होते. आजार तसाच राहिला आणि दोन महिन्यांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. ज्याला ही जबाबदारी आहे त्याने रोगाचे नाव कळण्याआधी यंत्राला हात लावू देऊ नये.

आठ दिवसांनी मी वरव्यास पोहोचलो, तेव्हा वहीत नऊ नोंदी होत्या. नऊही दुपारी बारा ते पाच या वेळेतील. नऊही वेळा पडदा थेट काळा झाला होता, निळे पान एकदाही आले नव्हते. सात वेळा छपाईची आज्ञा दिलेली होती. दोन वेळा मात्र छपाई चालू नव्हती. सकाळी काढलेले उतारे विनातक्रार निघाले होते, आणि तेही दिवाणजींनीच काढलेले होते. भाच्याने ती वही दोनदा वाचली व काही न बोलता खाली ठेवली.

निळे पान आणि काळा पडदा यांतला भेद प्रत्येक दुकानदाराने ध्यानी ठेवावा. विंडोजला आतील एखादा दोष असह्य झाला की ती माहिती बिघडू नये म्हणून स्वतःहून काम थांबवते, एका पानावर (२०२५ पर्यंत ते निळे असे; विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ते काळे झाले आहे) दोषाचा संकेतांक दाखवते आणि यंत्र पुन्हा सुरू करते. अशा वेळी दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरमध्ये, मेमरीत, डिस्कमध्ये किंवा नव्याने टाकलेल्या प्रणालीत असतो. पान वाचण्याआधीच नाहीसे होत असेल तर सिस्टिमच्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या विभागात जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढावी; मग ते पान पडद्यावर टिकून राहते आणि संकेतांक उतरवून घेता येतो. याउलट असे कोणतेही पान न येता पडदा एकदम काळा होत असेल, तर विंडोजला बोलायलाही अवसर मिळालेला नसतो. अशा वेळी वीजपुरवठा, एसएमपीएस आणि उष्णता यांच्याकडे आधी पाहावे. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये तेव्हा 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद आढळते. अनेक जण ती नोंद हेच कारण समजतात. वास्तविक यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती सांगते.

निळ्या पानाचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण आपण अलीकडेच पाहिले. १९ जुलै २०२४ रोजी, शुक्रवारी, क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीची एक सदोष सुधारणा जगभर पाठविली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. त्यांतील कित्येक सुरू होत, निळे पान दाखवीत आणि पुन्हा बंद होऊन सुरू होत. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या लाखो यंत्रांतील एकाचाही सुटा भाग बिघडलेला नव्हता. यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू करून ती एक सदोष फाइल काढली की ते पूर्ववत चालू लागे. कारण न शोधता ज्याने सारे पुसून टाकले असते, त्याने एका फाइलीपायी सगळे दप्तर गमावले असते.

आमच्या वहीने मात्र वीज आणि उष्णता यांच्याकडे बोट दाखविले होते. यंत्र बंद केले, वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढली आणि डबा दुकानाबाहेर ओसरीवर आणून उघडला. आत सिमेंटच्या धुळीचा जाड थर होता. प्रोसेसरवरच्या पंख्याखालील हीटसिंकच्या फटी बुजून गेल्या होत्या. एका कोपऱ्यात कोळ्याने जाळे विणले होते. भाचेसुनेने आधी त्या जिवाला कागदावर अलगद घेऊन बाहेर तुळशीपाशी सोडले, मगच आम्ही मऊ ब्रश हाती घेतला. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ब्लोअरच्या झोताने ती भलत्या वेगाने फिरतात आणि पंखा खराब होतो. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही घरी उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठलेली असते. प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळून खडी झाली होती, ती पुसून नवी लावली. सफाईपूर्वी बायोसमध्ये प्रोसेसरचे तापमान ८० अंशांच्या वर दिसत होते. नंतर ते ५० च्या आसपास आले.

भाचा म्हणाला, "सापडले मामा! संपले काम." मी त्याला थांबविले. ताळा जुळविताना एक चूक सापडली की माणूस पुस्तक मिटतो, आणि दुसरी चूक तशीच राहून जाते. उष्णतेमुळे छपाईविना बंद पडण्याच्या दोन नोंदींचा उलगडा होत होता. उरलेल्या सातांचे काय?

तीन वाजता दिवाणजींना एका खात्याचा उतारा काढण्यास सांगितले. त्यांनी आज्ञा दिली आणि आमच्या डोळ्यांदेखत पडदा काळा झाला. त्या वेळी त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते. मी भाच्याकडे पाहिले नाही.

मग वायरींचा माग काढला. संगणक आणि लेझर प्रिंटर दोन्ही एकाच लहान यूपीएसवर जोडलेले होते. यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅटपर्यंतचा भार पेलणारा. लेझर प्रिंटर शाई कागदावर पक्की बसविण्यासाठी आतील रूळ तापवितो, आणि त्या काही क्षणांत तो एकटाच त्याहून पुष्कळ अधिक वीज खेचतो. सकाळी विजेचा दाब पुरेसा असे. यूपीएस ती वीज तशीच पुढे देई आणि काम निभावून जाई. दुपारी शेजारच्या गिरणीची मोटर सुरू झाली की दाब उतरे, यूपीएस बॅटरीवर जाई, आणि पाच वर्षांची ती थकलेली बॅटरी संगणक व प्रिंटर यांचा एकत्रित भार क्षणभरही पेलू शकत नसे.

येथे एक पथ्य पाळावे : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही फक्त प्रिंटरची वायर यूपीएसमधून काढून भिंतीच्या सॉकेटमध्ये लावली. छपाई झाली. पुन्हा यूपीएसवर लावली, पडदा काळा. पुन्हा भिंतीत; छपाई झाली. मुलाने हा प्रयोग तीनदा करून वहीत उतरवला. बॅटरी, प्रिंटर आणि वायर एकदम बदलली असती तर संगणक सुधारला असता, पण दोष कशात होता ते कळले नसते, आणि संशय जिथल्या तिथे राहिला असता.

यूपीएसची बॅटरी बदलण्यास आणि थर्मल पेस्टला मिळून जो खर्च आला, तो नव्या संगणकाच्या तुलनेत नगण्य होता. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नये, बॅटरी तीन-चार वर्षांनी तपासून घ्यावी, धुळीच्या व्यवसायात डबा जमिनीवर न ठेवता दर तीन महिन्यांनी साफ करावा आणि दिवसाअखेर हिशेबाची प्रत घेऊन ती दुकानाबाहेर न्यावी, एवढे नियम त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. संकेतांकाचे पान येणाऱ्यांनी याखेरीज मेमरीची चाचणी करावी. विंडोजमध्ये ती सोय आहेच. मेमरीच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून यंत्र चालवून पाहावे. शेवटी कोणते नवे सॉफ्टवेअर टाकल्यापासून त्रास सुरू झाला, ते आठवावे.

सूर्य मावळण्याआधी जेवणे उरकायची म्हणून आम्ही आवराआवर करू लागलो. दिवाणजींनी तो उतारा, ज्यासाठी महिनाभर वाट पाहावी लागली होती, भाच्यासमोर ठेवला. भाच्याने न पाहताच त्याची घडी घातली. "राहू द्या दिवाणजी, पाहायचे काय त्यात."

दिवाणजी म्हणाले, "नाही शेठ. आता निघाला आहे तर ओळ न् ओळ वाचून घ्या, आणि मग खाली सही करा."

भाचा खाली बसला, चष्मा लावला आणि उतारा अखेरपर्यंत वाचला. हिशेब पैशाला पैसा जुळत होता. त्याने सही केली, खिशातून गल्ल्याची किल्ली काढली आणि त्या कागदावर ठेवली. दिवाणजींनी कागद घेऊन फायलीत लावला. किल्लीला त्यांनी त्या दिवशी हात लावला नाही. परवा भाच्याचा दूरध्वनी आला होता, तेव्हा कळले की ती त्यांनी तिसऱ्या दिवशी उचलली.