आकडा आला, पण तो ताडून कोणी पाहिला?

हल्ली 'फायब्रोस्कॅन'चा रिपोर्ट बऱ्याच घरांत दिसतो. त्यात यकृताचा कडकपणा किलोपास्कलमध्ये लिहिलेला असतो. हो, तोच आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातला पास्कल! आकडा लहान असला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, मोठा असला की पुढच्या तपासण्या सुरू होतात. पण मला वाटतं, विज्ञान शिकवणाऱ्याने इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. यकृत पोटात, यंत्र बाहेर. मग कडकपणा मोजला कसा?

खरं तर तो थेट मोजलेलाच नसतो. यंत्र बरगड्यांच्या मधून हलका धक्का देतं, सेकंदाला 50 कंपनांच्या वेगाने. त्याची आडवी लहर आत जाते आणि सोनोग्राफीसारख्या ध्वनिलहरी तिचा वेग टिपतात. ऊतक कडक असेल तर लहर वेगाने धावते. कडकपणा म्हणजे 3 × घनता × वेगाचा वर्ग. वेग सेकंदाला 1 मीटर असेल तर उत्तर 3 किलोपास्कल, 2 मीटर असेल तर थेट 12. अकरावीच्या मुलांकडून हे गणित जरूर करून घ्या, यंग गुणांक शिकवताना याहून जिवंत उदाहरण मिळणार नाही.

मात्र हे सूत्र काही गोष्टी गृहीत धरतं: ऊतक सगळीकडे सारखं आहे आणि ते निव्वळ लवचिक आहे. म्हणून संशोधकांना उत्तर दुसऱ्या वाटेने ताडून पाहावं लागतं. जिलेटिन किंवा अगारचे ठोकळे करतात, ते यंत्रात दाबून बल आणि आकारातला बदल मोजतात, मग त्याच ठोकळ्यांवर लहरींची पद्धत वापरतात. जेलीचं ठीक आहे हो, पण खऱ्या यकृताचं काय? शरीराबाहेर काढलं की रक्त निघून जातं, ते थंड होतं, वाळतं. शिवाय दाबयंत्र बहुधा सावकाश दाबतं. मळलेली कणीक हळू दाबा, खळगा पडतो. चापट मारा, घट्ट लागते. ऊतकाचंही थोडंफार तसंच. म्हणजे दोन आकडे वेगळे आले तरी कधीकधी दोन्ही बरोबर असू शकतात! एमआरआयवर होणारी अशीच तपासणी तर बहुधा वेगळाच गुणांक सांगते, साधारण एक तृतीयांश. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं, आणि अर्थ डॉक्टरांनाच विचारावा. तपासणी उपयोगाची आहेच.

आणखी एक गंमत. दोन पद्धतींचे आकडे एकत्र वाढतात, एकत्र घटतात, म्हणून त्या जुळल्या असं म्हणता येत नाही. नेहमी दोन किलो जास्त दाखवणारा वजनकाटाही खऱ्या वजनाबरोबर इमानदारीत वर-खाली होतो. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये हेच ठासून सांगितलं: सहसंबंध नको, प्रत्येक जोडीतला फरक बघा.

आणि आपण प्रयोगशाळेत काय करतो? उत्तर 9.8 च्या जवळ आलं की सही! न आलेला मुलगा शेजाऱ्याचं उतरवतो. माझं स्पष्ट मत आहे, दरवर्षी निदान एका प्रयोगात पुस्तकातलं उत्तर मुलांना सांगूच नका. चायना ग्रास कमी-जास्त घालून तीन वाट्यांत जेली लावा. आधी मुलांनी डोळे मिटून बोटाने दाबून क्रम लावायचा (डॉक्टर पोट दाबून बघतात तसं). मग प्रत्येक ठोकळ्यावर तेच वजन ठेवून उंची किती घटली ते पट्टीने मोजायचं. क्रम जुळला का? नसेल, तर बोट चुकलं की पट्टी? यावर वर्गात भांडण होऊ द्या. शेवटी एक वाटी रात्रभर उघडी ठेवा. सकाळी वरचा थर वाळलेला असेल. तीच जेली पुन्हा मोजायला सांगा, आणि आता आकडा का बदलला ते मुलांनाच शोधू द्या.