हवा कमी, धोका अधिक

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरांचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मोकळा झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा देणाऱ्या या रस्त्याने एका क्षुल्लक समजल्या गेलेल्या प्रश्नाला जीवनमरणाचे महत्त्व आणून दिले आहे. टायरमध्ये हवा किती असावी, हा तो प्रश्न.

अपघात झाला की ‘टायर फुटला’ हे कारण पुढे येते. ते नेहमीच खरे असते असे नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस जळून २५ प्रवाशांचा अंत झाला, तेव्हा चालकाने हेच सांगितले होते. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात मात्र त्याला पुष्टी मिळाली नाही. तथापि, टायर खरोखरच फुटतात आणि त्यामागील मोठे कारण एका लोकप्रिय गैरसमजात दडलेले आहे. उन्हाळ्यात हवा तापून फुगते, सबब ती दोन-चार पौंड कमीच ठेवावी, हा तो गैरसमज.

वरवर पाहता तर्क बिनतोड वाटतो. वस्तुतः तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात. ताशी १२० किलोमीटर वेगाने लहान मोटारीचे चाक मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते. या सततच्या दुमडण्यातून उष्णता साठते, रबर आणि आतील थर यांची पकड सुटते आणि टायर फाटतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले तर दाब जेमतेम एक पौंड वाढतो. तेवढी वाढ टायर सहज सोसतो, कारण उत्पादकांनी ती गृहीत धरलेली असते.

योग्य आकडा शोधण्यासाठी पंडिताकडे जावे लागत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर तो छापलेला असतो. लहान मोटारींना तो बहुधा तीस ते तेहतीस पौंड असतो. पुष्कळदा तेथे दोन आकडे असतात, एक कमी भाराचा, दुसरा पूर्ण भाराचा. पाच माणसे आणि सामान घेऊन सुटीत गावी निघालेल्या कुटुंबाने दुसराच पाळावयास हवा. टायरच्या कडेवरील आकडा मात्र कमाल मर्यादा होय. तेवढी हवा भरल्यास टायर मध्यभागीच झिजतो आणि पावसाळ्यात पकड उणावते.

हे आकडे थंड टायरचे असतात, हा तपशील मात्र सर्रास विसरला जातो. तीस पौंडांचा टायर तासभर धावून चौतीस दाखवू लागला म्हणून चार पौंड हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात सव्वीसच उरतात.

सव्वीस पौंडांचा आकडा अमेरिकेत चांगलाच गाजला आहे. फोर्ड कंपनीने ‘एक्स्प्लोरर’ गाडीसाठी तो सुचविला होता. फायरस्टोनचे म्हणणे तीस असावेत असे होते. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागविण्यात आले. दोष टायरचा, गाडीचा की हवेचा, यावर दोन्ही कंपन्या भांडत राहिल्या. त्याच वर्षी झालेल्या कायद्यामुळे पुढे नव्या मोटारींत दाब घटल्याची सूचना देणारा दिवा सक्तीचा झाला. परंतु तेथील नियमानुसार तो दिवा पंचवीस टक्के दाब घटल्यावर लागला तरी चालतो. तोवर टायर तापत राहतो, त्यामुळे दिव्यावर विसंबून मापन टाळणे धोक्याचेच.

नायट्रोजनचा सध्या बराच गाजावाजा आहे. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. दाब चुकीचा ठेवून नायट्रोजन भरण्यात अर्थ नाही.

समृद्धीवर गुळगुळीत टायरच्या वाहनांना अडविण्याची मोहीम २०२३ मध्ये हाती घेण्यात आली, ते योग्यच झाले. पण झीज डोळ्यांना दिसते, दाब दिसत नाही. पेट्रोल पंपांवर हवा विनामूल्य देणे बंधनकारक आहे. तेथील मापक अचूक आहे की नाही, याची तपासणी तितक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी. तोपर्यंत काहीशे रुपयांचा मापक गाडीत बाळगून, पहाटे निघण्यापूर्वी चारही चाके आणि डिकीतील पाचवे मोजून घेणे मोटारमालकाच्या हाती आहे.