उंबरठ्याच्या आत चार महिने

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या रुग्णाच्या सूनबाईंचा फोन आला. "डॉक्टर, बाबांना रात्र रात्र झोप नाही. काहीतरी गोळी सांगा." खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली, घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. चार महिने ते खाली उतरले नव्हते. मी फोनवरच गोळी सांगून मोकळा झालो. आठवड्याने रात्री लघवीला उठताना त्यांचा तोल गेला. हाड वाचले, हे नशीब. मग मी घरी गेलो. खरे तर आधीच जायला हवे होते.

खोलीत पडदे ओढलेले, भर दिवसा ट्यूबलाइट. दुपारी तीन तास झोप, मग रात्री ती येणार कोठून? वाचकहो, आपल्या शरीराचे घड्याळ प्रकाशावर चालते. घरातून बाहेर पडणे थांबले असेल, तर सकाळचा अर्धा तास गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी बसा. (काचेआडचा उजेड घड्याळाला चालतो, मात्र ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते.) दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. गोळीची मी शिफारस मागे घेतली.

दुसरी गोष्ट पायांची. पडून राहिल्याने मांड्यांचे स्नायू थोड्याच दिवसांत झिजू लागतात आणि उतारवयात ते भरून यायला पुष्कळ अधिक काळ जातो. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून उठणे-बसणे, एका वेळी पाच वेळा, दिवसातून तीनदा, एवढ्यानेही फरक पडतो. शस्त्रक्रिया झालेली असल्यास आधी फिजिओथेरपिस्टला विचारा. सोबतीला कोणीतरी असू द्या.

जिना एकदम तीन मजले उतरायचा नसतो. आम्ही पहिल्या वळणावर एक खुर्ची ठेवली. आजोबा मुलाचा हात धरून तेवढ्या दहा पायऱ्या उतरत आणि तेथे बसत. येणारे-जाणारे थांबू लागले. पेपरवाल्याशी वाद घालण्यास त्यांनी सुरुवात केली, तेव्हा मला बरे वाटले.

काळजी घेणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते. "तुम्ही बसा, मी करते" हे वाक्य मायेचे खरे. पण दिवसभर तेच ऐकणाऱ्याला आपण निरुपयोगी झालो असे वाटू लागते. शेंगा सोलणे, दुधाचा हिशेब, देवपूजा, जे जमेल ते त्यांच्याकडेच राहू द्या. परगावच्या मुलांनीही "जेवलात का?" यापुढे जाऊन एखादा सल्ला मागावा. आणि माणूस अबोल झाला, तर हट्टी किंवा विसराळू ठरवण्याआधी त्याचे कान तपासून घ्या. या आजोबांच्या कानांत मळाचे बोळे निघाले.

मात्र दोन आठवडे सतत उदासी, अन्नावरची वासना जाणे, "आता जगून काय करायचे" असे बोलणे, याला वय समजू नका. हा नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवा; 'टेली मानस'चा 14416 आणि ज्येष्ठांसाठीचा 14567 हे क्रमांक फोनजवळ लिहून ठेवा. एक-दोन दिवसांतच असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर ते बहुधा एकटेपणामुळे नसते. जंतुसंसर्ग किंवा रक्तातील सोडियम घटणे अशी कारणे असतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

निघताना मी सूनबाईंना विचारले, "तुम्ही शेवटच्या कधी बाहेर गेला होतात?" त्यांना आठवेना. घरात अडकलेली माणसे दोन होती आणि मी एकाचीच नाडी पाहत होतो. आता दर गुरुवारी संध्याकाळी मुलगा घरी थांबतो आणि त्या भजनाला जातात. आजोबा तोवर वळणावरच्या खुर्चीत बसून त्यांच्या परतीची वेळ मोजतात. पाच मिनिटे उशीर झाला, तर मला फोन येतो.