बोलावण्याची वाट

आठवडी बाजाराच्या दिवशी दवाखान्यात नेहमीच गर्दी असते. बाजाराला म्हणून गावाहून आलेली माणसे औषधही घेऊन जातात. अशाच एका दिवशी पासष्टी ओलांडलेल्या एक मावशी समोर बसल्या होत्या. रक्तदाब १७०/१००. सहा महिन्यांत मी त्यांची गोळी दोनदा बदलली होती, मात्रा वाढविली होती, लोणचे-पापड बंद करायला लावले होते. त्या सारे प्रामाणिकपणे पाळीत होत्या. तरीही आकडा खाली येत नव्हता.

“मावशी, रात्री झोप लागते का?”

“पाठ टेकते बगा. झोप कुठली?”

“घरी कोण कोण असतं?”

त्या काही क्षण पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळीत राहिल्या. “लेक हाय. सासरहून आल्याला पाच वरसं झाली. बोलावणं आलं न्हाई अजून.”

हा प्रश्न मी सहा महिने आधीच विचारायला हवा होता. जुने कागद काढले, तेव्हा याहून मोठी चूक ध्यानात आली. साडेचार वर्षांपूर्वी ती लेक स्वतः डोकेदुखीसाठी माझ्याकडे आली होती. केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘डोकेदुखी, निद्रानाश. सध्या माहेरी वास्तव्य.’ तिला मी वेदनाशामक गोळी दिली आणि वर सल्लाही दिला : “थोडं सबुरीनं घ्या, होईल सारं सुरळीत.” तो सल्ला त्या घराने औषधापेक्षा अधिक निष्ठेने पाळला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वाचकहो, आरोग्याच्या सदरात आज मी घटस्फोटाविषयी लिहीत आहे, याचे आपणांस नवल वाटेल. मनावरचा ताण हे रक्तदाबाचे एकमेव कारण नसते. वय, वजन, मीठ, अनुवंश हीही कारणे असतात. परंतु ज्या घरात वर्षानुवर्षे एखाद्या निरोपाची वाट पाहिली जाते, तेथे झोप मोडते, जेवण कमी होते आणि औषधाला यश येत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. वैधव्यात दुःख असते, पण त्याला तेरावा दिवस असतो. टाकलेपणाला तेरावा दिवस नसतो.

‘टाकलेली’ हा आपल्याकडचा शब्द किती निर्दय आहे! वस्तू टाकावी तशी माणूस टाकल्याची ती कबुली आहे. १९८८ साली संगमनेर येथे ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा स्त्रियांची परिषद भरविली, तेव्हा या प्रश्नाला महाराष्ट्रात प्रथमच मोठा सार्वजनिक आवाज मिळाला. त्या कामाची हकिगत शिवूरकरांच्या ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ या पुस्तकात आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो बौद्ध, जैन व शीख कुटुंबांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीपासून ‘परित्याग’ हे घटस्फोटाचे थेट कारण ठरले. जोडीदाराने अर्ज दाखल करण्याच्या लगतपूर्वी सलग किमान दोन वर्षे, वाजवी कारणाविना आणि आपल्या संमतीविना आपल्याला सोडलेले असावे लागते. हा मार्ग पतीला आणि पत्नीला सारखाच खुला आहे.

केवळ वेगळे राहणे म्हणजे मात्र परित्याग नव्हे. दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : प्रत्यक्ष दुरावा, आणि संसार कायमचा मोडण्याचा हेतू. ताप आणि जंतुसंसर्ग यांत जो फरक, तोच येथे आहे. ताप दिसतो, संसर्ग शोधावा लागतो.

या बाबतीतला पायाभूत निकाल आपल्याच राज्यातल्या एका संसाराचा आहे. बिपिनचंद्र शहा खटला या नावाने तो ओळखला जातो. १९४२ साली पाटण येथे विवाह झाला आणि संसार मुंबईत थाटला. मे १९४७ मध्ये पतिपत्नींत वितुष्ट आले आणि पत्नी जळगावला माहेरी गेली. जुलैमध्ये पतीने वकिलामार्फत पत्र पाठविले. पुढे तिला पाठवू नये, अशी तारही केली. १९५१ साली त्याने परित्यागाच्या कारणावरून घटस्फोट मागितला. तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या १९४७ च्या कायद्यात त्यासाठी चार वर्षांची अट होती. पहिल्या न्यायाधीशांनी घटस्फोट दिला, अपिलात तो रद्द झाला, आणि १९५६ साली सर्वोच्च न्यायालयानेही पतीची मागणी फेटाळली. पत्नी परत यायला तयार होती, तिच्या माणसांनी प्रयत्नही केले होते. दार पतीनेच लावून घेतले होते. ज्याने दार लावले त्याला ‘ती गेली’ अशी तक्रार करता येत नाही, हे त्या निकालाचे सार.

यातून आपल्या घरांसाठी तीन गोष्टी निघतात.

पहिली : परस्परांच्या संमतीने वेगळे राहणे हा परित्याग नाही. आजी नातवंडे सांभाळायला पुण्याला आणि आजोबा गावी. गंगाखेड-सोनपेठकडचा गडी सहा महिने ऊसतोडीला कारखान्यावर. पत्नी आजारपणासाठी माहेरी. येथे दुरावा आहे, हेतू नाही. उगाच घाबरू नये.

दुसरी : मारहाणीमुळे किंवा छळामुळे जी घराबाहेर पडली, ती सोडून गेली असे कायदा मानत नाही. तिला निघण्यास भाग पाडणाराच परित्याग करणारा ठरू शकतो.

तिसरी : तारखा जपाव्यात. मावशींच्या लेकीला मी वकिलांकडे पाठविले, तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “माहेरी कोणत्या तारखेला आलात?” ती म्हणाली, “तूर खळ्यावर होती तवा.” कोण समजूत घालायला गेले, सासरच्यांनी काय उत्तर दिले, यातले काहीच कोणी लिहून ठेवले नव्हते. शेवटी माझा तो जुना केसपेपर उपयोगी पडला. त्यावर तारीख होती आणि ‘सध्या माहेरी वास्तव्य’ हे शब्द होते. ज्या कागदावर माझी चूक होती, त्याच कागदाने तिला थोडा आधार दिला. म्हणून सांगतो : एक वही करा. आल्याचा दिवस, गेलेले निरोप, आलेली उत्तरे, बैठकीला हजर असलेली माणसे लिहून ठेवा. पत्रे, मोबाइलवरील संदेश आणि दवाखान्याचे कागद टाकू नका.

अर्ज कुटुंब न्यायालयात, आणि ते नसेल तेथे दिवाणी न्यायालयात करायचा असतो. २००३ पासून पत्नीला ती राहते त्या ठिकाणच्या न्यायालयातही अर्ज करता येतो. सासरच्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. न्यायालय आधी समेटाचा प्रयत्न करते. त्यामुळे अर्ज करणे म्हणजे दार कायमचे बंद करणे, असे समजू नये. दोघेही राजी असतील तर परस्परसंमतीचा मार्ग अधिक सोपा आहे. मुस्लिम भगिनींसाठी १९३९ चा स्वतंत्र कायदा आहे : पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल किंवा त्याने दोन वर्षे पालनपोषण केले नसेल, तर पत्नी विवाहविच्छेद मागू शकते.

खर्चाची चिंता अनेकांना अडविते. स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयात चौकशी करावी किंवा १५१०० हा क्रमांक लावावा. पोटगीचे जुने कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. घटस्फोटानंतरही, पुनर्विवाह न केलेली आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणारी स्त्री त्याखाली पोटगी मागू शकते. याच कलमाखाली निराधार आईवडीलही मुलांकडे निर्वाहखर्च मागू शकतात, हे ज्येष्ठ वाचकांनी लक्षात ठेवावे.

घटस्फोट हेच प्रत्येकीचे औषध, असे मात्र माझे म्हणणे नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. पती ८९ वर्षांचे, पत्नी ८२ वर्षांची, विवाह १९६३ चा. पतीने १९९६ पासून क्रूरता व परित्याग या कारणांवरून घटस्फोट मागितला होता. पत्नीचे म्हणणे असे की, घटस्फोटिता म्हणून आपल्याला मरायचे नाही. या वयातही पतीची देखभाल करण्याची तिची तयारी होती. न्यायालयाने तिच्या भावनेचा मान राखला आणि घटस्फोट नाकारला. एकीला मुक्ती हवी असते, दुसरीला नाते. निर्णय जिच्या आयुष्याचा, तिला विचारूनच तो व्हावा.

आणि नेमके हेच आपण ज्येष्ठ मंडळी विसरतो. मावशींना मी विचारले, “लेकीला काय हवंय?” त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. पाच वर्षांत तसे कोणी विचारलेच नव्हते. भावकी काय म्हणेल, धाकटीचे कसे जमेल, यांतच सारी चर्चा संपत होती. पुढच्या बाजारी त्या लेकीला सोबत घेऊन आल्या. लेक म्हणाली, “डॉक्टरसाहेब, मला वाट पाहायची न्हाई आता.” आईने मान खाली घातली, पण नकार दिला नाही.

अर्ज दाखल झाला आहे. निकाल लागायचा आहे. मावशींचा रक्तदाब परवा १५०/९० होता. त्याचे श्रेय न्यायालयाला द्यावे की नव्या गोळीला, हे मी सांगू शकत नाही. पूर्वी त्या “बोलावणं आलं न्हाई” म्हणत, परवा म्हणाल्या, “पुढल्या महिन्याच्या बाराला तारीख हाय.” लेक शिवणकाम शिकू लागली आहे.

आपल्या घरात अशी कोणी असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर तिच्याजवळ बसा आणि तिला काय हवे ते विचारा. उत्तर मधेच तोडू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नसेल, कशात मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. आणि माझ्यासारखा एखादा डॉक्टर “सबुरीनं घ्या” एवढेच म्हणून गोळी लिहू लागला, तर त्याला थांबवा. घरी काय चालले आहे, ते त्याला आधी सांगा.