ग्रहांचा दोष की माणसांचा?

शेक्सपिअरचे 'रोमिओ अँड ज्युलिएट' हे नाटक १५९७ साली प्रथम छापले गेले. त्यास चार शतकांहून अधिक काळ लोटला. तरी त्या दोन प्रेमिकांच्या मरणाविषयी बोलताना पुष्कळ लोक 'बिचाऱ्यांचे ग्रहच वाकडे!' एवढे म्हणून मोकळे होतात. खुद्द कवीने आरंभीच्या प्रास्ताविकात त्यांचे तारे प्रतिकूल असल्याचे वदविले आहे, हे खरे. परंतु प्रास्ताविक ऐकून उठून जावयाचे, की पुढील पाच अंकही पाहावयाचे?

त्या पाच अंकांत काय घडते? व्हेरोना शहरातील दोन धनाढ्य घराणी जुन्या वैरात गुंतली आहेत. वैराचे कारण मात्र कोणीच सांगत नाही. ज्युलिएटला चौदावे वर्षही पुरे झालेले नाही. प्रथम मुलीची संमती हवी म्हणणारा तिचा बाप पुढे तिला न विचारताच लग्न ठरवितो, नाकारल्यास घराबाहेर घालविण्याची धमकी देतो, आणि गुरुवारचे लग्न बुधवारवर आणतो. लॉरेन्स हा धर्मगुरू प्रेमिकांचे लग्न गुपचूप लावतो. ते उघड करण्याऐवजी मुलीस ४२ तास प्रेतवत् ठेवणारे औषध देतो. शहराचा अधिपती अखेरीस स्वतःच कबूल करतो की, आपण या कलहाकडे डोळेझाक केली. यांपैकी कोणते कृत्य शनीने केले आणि कोणते मंगळाने?

कोणी म्हणेल, रोमिओस लिहिलेले पत्र पोहोचले नाही, हे तरी दैवच ना? पत्र नेणारा साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला, हा योगायोग होय. जगात योगायोग असतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दोन जिवांचा भार एका पत्रावर टाकण्याची पाळी योगायोगाने आणली नाही; ती वैराने आणि भीतीने आणली. ज्युलिएट मेल्याची वार्ता येताच रोमिओ ताऱ्यांस आव्हान देतो. पण चाकर धीर धरण्यास विनवीत असता तो विष विकत घेतो. ताऱ्यांवर रागावणे म्हणजे स्वतंत्र बुद्धीने वागणे नव्हे.

ग्रहांवर भार टाकण्याची ही खोड आमच्या विवाहांतही आहे. म्हणून पत्रिकांची परीक्षा काय सांगते तेही पाहावे. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांचे सहकारी यांनी १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका मिळवून, पत्रिकेवरून मूल ओळखण्याचे आव्हान ज्योतिषांस दिले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, उत्तरे पाठविणाऱ्या २७ ज्योतिषांचे अंदाज सरासरी शेकडा ४६ बरोबर ठरले. नाणे उडवून याहून कमी यश येते काय?

ज्यांच्या घरी उपवर मुले-मुली आहेत, त्या आमच्या वाचकांस आमचे एवढेच सांगणे की, पत्रिका उघडण्यापूर्वी मुलीचे मन विचारा, आणि जुनी भांडणे तिच्या पदरात टाकू नका. व्हेरोनाच्या दोन्ही बापांनी मुलांच्या प्रेतांसमोर हात मिळविले, एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याची वचने दिली. तेच हात चार दिवस आधी मिळविले असते, तर कोणता ग्रह आड येणार होता?