सदाफुली अंगणात लावा, पोटात नको

सौंसरच्या आसपास कोणत्याही गावात जा, संत्र्याच्या बागेकडेला, विहिरीच्या काठाला, नाहीतर कब्रस्तानात सदाफुली दिसतेच. हात-दीड हात उंचीचे हे झुडूप मूळचे मादागास्कर बेटावरचे. आता आपलेच झाले आहे. ऊन सोसते, थोड्या पाण्यावर जगते, बारा महिने फुलते. पाने कडू, म्हणून गुरे-शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत. मृगाचा पाऊस पडला की बी टाकावे. पाणी साचते तेथे मात्र लावू नये, मुळे कुजतात. मृगात कबरीपाशी लावलेले रोप २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, फुललेले असते.

येथवर सदाफुलीविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. म्हणणे आहे ते सकाळी अनशापोटी तिची चार पाने चावून मधुमेहाची गोळी बंद करणाऱ्यांविषयी.

हीच समजूत जमेकातही होती. तेथली पाने १९५० नंतर कॅनडात डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे तपासणीसाठी आली. अर्क पाजून उंदरांच्या रक्तातली साखर उतरली नाही. अर्क टोचला तेव्हा पांढऱ्या पेशी कमी होऊन उंदीर जंतुसंसर्गाने मेले. यातूनच १९५८ साली नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी व्हिन्ब्लास्टीन हे औषध जगापुढे आणले. त्याचेच भावंड व्हिन्क्रिस्टीन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात. इतर औषधांबरोबर पूर्ण उपचार घेतल्यास पुष्कळ मुले बरी होतात.

पण टनभर सुक्या पानांतून व्हिन्क्रिस्टीन निघते अवघे काही ग्रॅम, आणि ते मोजून, शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. चावलेल्या पानांतून पोटात काय आणि किती गेले, हे कोण मोजणार? गरोदर बाईने तर त्या पानाला तोंडही लावू नये.

औषधी देवाने जमिनीतूनच निर्माण केल्या, असे सिराखच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात सांगितले आहे. आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, असेही तेथेच आहे. आपण पहिले वाक्य लक्षात ठेवतो आणि दुसरे विसरतो.

तेव्हा बंधुभगिनींनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. लेकराचा ताप हटत नसेल, अंगावर काळेनिळे डाग पडत असतील, तर काढ्यात दिवस घालवू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. डॉक्टरांनी सांगितले तर नागपूर गाठा. कपाशीची वेचणी दोन दिवस थांबली तरी चालेल.