वाडीतील टेरियर आणि उंदरांचे विष

जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांवर कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला पांढरा कुत्रा महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या परिचयाचा आहे. त्याचे नाव निपर होते. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरचा हा कुत्रा टेरियर वळणाचा होता व १८९५ साली तो मेला. आल्यागेल्याच्या पोटऱ्यांना चावे घेण्याच्या खोडीवरून त्याला हे नाव पडले, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. चित्रातील शांत मुद्रा पाहून या जातीची पारख करणाऱ्यांची नेहमीच फसगत होते.

पालघर तालुक्यात आता अशी फसगत होण्याचे प्रसंग वाढण्याजोगे आहेत. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, आणि नोकरदार कुटुंबांबरोबर शहरी हौसेची कुत्रीही या किनारपट्टीवर आली. जॅक रसेल किंवा फॉक्स टेरियरचे पिल्लू सदनिकेत आणावे, वर्षभरात त्याच्या भुंकण्याने शेजारी त्रासावेत, गाद्या व चपला फाटाव्यात, आणि शेवटी चिंचणी, उमरोळी किंवा केळवे-माहीमकडील नातेवाइकांच्या वाडीवर त्याची रवानगी व्हावी, हा क्रम ओळखीचा आहे. वाडीवर त्याचे स्वागत होते ते एका आशेने. आता घुशी-उंदरांचा प्रश्न मिटला, असे घरधन्यास वाटते. आशा अगदीच निराधार नाही. पण त्याच वाडीत माळ्यावर, कणगीखाली आणि नारळाच्या बुंध्याशी उंदरांचे विष मांडलेले असते. ज्या वाडीत टेरियर आहे त्या वाडीत विष नको, आणि ज्यास विषावाचून गत्यंतर नाही त्याने टेरियर पाळू नये, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक झाले आहे.

टेरियर हे नाव भूमी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. बिळात शिरून आतील जनावरास बाहेर काढणे हे या कुत्र्याचे पिढीजात काम होय. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील जॉन रसेल (१७९५–१८८३) या शिकारीच्या नादी पाद्रीबुवांनी १८१९ साली ट्रम्प नावाची कुत्री घेतली, तीही म्हणे एका दूधवाल्याकडून, आणि तिच्या वंशातून पुढे त्यांच्या नावाची जात रूढ झाली. जॅक रसेलची उंची २५ ते ३० सेंटिमीटर व वजन ५ ते ६ किलो असते. फॉक्स टेरियर त्याहून थोडा उंच व भारी असतो. जॅक रसेलची छाती पुढच्या पायांमागे दोन्ही हातांच्या पकडीत मावावी असा जाणकारांचा दंडक आहे. छाती रुंद झाली की तो बिळात अडकतो.

या कुत्र्यास हट्टी म्हणून दोष दिला जातो. पण जमिनीखाली गेलेला कुत्रा धन्याच्या हाकेपलीकडे असतो. तेथे त्याने स्वतःच्या बुद्धीने वागावे म्हणूनच त्याची निवड पिढ्यान्‌पिढ्या झाली. उकरणे, भुंकणे, हलत्या वस्तूमागे धावणे हे त्याचे दुर्गुण नव्हेत, तो त्याचा धंदा आहे. सदनिकेत बांधून ठेवलेल्या टेरियरला हा धंदा नसतो, आणि रिकामा कारागीर घरात जे करतो तेच तो करतो. ज्यांना दिवसातून तास-दीड तास त्याला मोकळे पळवणे व त्याच्याशी खेळणे जमणार नाही, अशा बोईसरच्या कुटुंबांनी ही जात घरी आणूच नये.

आता भातशेतीकडे वळू. खाचरांच्या बांधात राहणारा काळा उंदीर बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग करतो, पिकाचे फुटवे तिरके कापतो, आणि लोंब्या ओढून बिळात कोठार भरतो. त्याची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते व एका वेतात सहा-आठ पिल्ले होणे नवलाचे नाही. घरापाशी व वाडीत मोठी घूस असते. ती अर्ध्या किलोहून जड होऊ शकते आणि कोंडीत सापडली तर मांजरालाही माघार घ्यायला लावते. खळ्यावर भारे हलवताना किंवा पेंढ्याची उडवी उलगडताना चपळ टेरियर एकामागून एक उंदीर मानगुटीला धरून झटकतो, टाकतो आणि पुढच्यावर झेपावतो. येथे त्याचा उपयोग निःसंशय आहे. मात्र गावच्या शिवारातील बांधांत पसरलेले उंदीर एका कुत्र्याने आवरतील ही कल्पना सोडून द्यावी. त्यासाठी बांध अरुंद व तणमुक्त ठेवणे, पाऊस सुरू होण्यापूर्वी शेजाऱ्यांनी एकाच वेळी बिळे खणणे, आणि शिवारात घुबडांसाठी बसण्याचे मचाण उभारणे हेच उपाय आहेत. बिळाची वाट ओळखण्यात कातकरी बांधवांचा हात कोणी धरणार नाही. योग्य मजुरी देऊन त्यांचे साह्य घ्यावे. गावठी कुत्राही लहानपणापासून उंदरांवर सोडला तर चांगला तयार होतो, हेही विसरू नये. त्याला कोणी हजारो रुपये मोजत नाही, एवढाच त्याचा दोष.

विषाचा प्रश्न दोन प्रकारचा आहे. झिंक फॉस्फाईड ही लसणासारख्या वासाची काळसर पूड असते. ती भरड्यात व गोड्या तेलात कालवून मांडतात, आणि तेल लावलेला भरडा कुत्र्यालाही तितकाच रुचतो. पोटातील आम्लाशी संयोग होऊन तिचा विषारी वायू बनतो, आणि कुत्रा काही तासांत दगावू शकतो. यावर खास उतारा नाही. अशा वेळी घरोघर पहिला उपाय केला जातो तो दूध पाजण्याचा. तो घातक आहे, कारण पोटात अन्न गेले की आम्ल वाढते व वायू अधिक सुटतो. कुत्र्यास काहीही खाऊ-पिऊ न घालता, विषाच्या वेष्टनासह त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. त्याला उलटी झालीच तर ती उघड्या हवेत व्हावी, कारण उलटीतील वायू माणसासही बाधतो.

ब्रोमाडिओलोनची वडी याउलट सावकाश मारते. कुत्रा तीन-चार दिवस ठणठणीत दिसतो. मग हिरड्या फिक्या पडतात, नाकातून रक्त येते, धाप लागते, आणि घरच्यांना वाटते की ऊन लागले. या विषावर जीवनसत्त्व के-१ हा खात्रीचा उतारा आहे, पण तो वेळेवर सुरू करून कित्येक आठवडे चालू ठेवावा लागतो. वडी खाल्ल्याचे दिसताच, लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठणाऱ्याचे जनावर बहुधा वाचते. टेरियरला हा धोका इतर कुत्र्यांपेक्षा अधिक आहे. बिळातील कोठार उकरून काढणे हाच त्याचा छंद असतो, आणि उंदराने त्या कोठारात काय नेऊन ठेवले आहे ते धन्यास दिसत नाही.

बिळात आणखी एक शत्रू असतो. उंदरांमागे नाग आणि घोणस येतात, व बिळात तोंड खुपसणाऱ्या कुत्र्यास दंश होतो तो नाकावर किंवा मानेवर. माणसांसाठी वापरली जाणारी सर्पविषाची प्रतिलस कुत्र्यासही चालते, पण वेळ फार थोडा असतो. म्हणून पावसाळ्यात बांधांवर टेरियरला एकटा सोडू नये. त्याचे काम खळे, गोठा व कोठार यांपुरते ठेवावे.

उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कोकणपट्टीस नवीन नाही. पाणी साचलेल्या खाचरात अनवाणी राबणाऱ्यांस तो होतो, तसा उंदीर धरणाऱ्या कुत्र्यासही होतो, आणि आजारी कुत्र्याच्या मुतातून तो घरात शिरतो. त्याची लस कुत्र्यास दरवर्षी टोचावी. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. घरातील मुलांना हे आवर्जून सांगावे. पिल्लास सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो व डिस्टेंपरची लस सुरू करावी, तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची टोचावी व पुढे दरवर्षी चुकवू नये. कोल्ह्याशी किंवा मुंगसाशी झुंज झाली तर ‘लस टोचली आहे’ म्हणून निश्चिंत न राहता डॉक्टरांस दाखवावे. कुत्रा माणसास चावला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रेबीजची लक्षणे उमटल्यावर वैद्यकाचे हात टेकतात.

बाकीची निगा साधी आहे. या दमट हवेत आखूड केसांचा टेरियर बरा. गोचीड लवकर दिसतात. पावसाळ्यात कान व बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात, कारण गोचिडांपासून रक्ताचे ताप येतात. भात व मासळी, अंडे किंवा मांस असा दोन वेळचा मापाचा आहार पुरतो. मासळीचे काटे काढावेत, कोंबडीची शिजलेली हाडे व कांदा देऊ नये. पिल्लू विकत घ्यायचेच असेल तर आठ आठवड्यांहून लहान घेऊ नये. २०१७ च्या नियमांनी अशी विक्री निषिद्ध आहे.

गावाने एकत्रितपणे विषारी आमिषाची मोहीम ठरवली, तर टेरियर पाळणाऱ्याने तारीख आधी विचारून घ्यावी व मोहीम झाल्यावर निदान पंधरा दिवस कुत्र्यास साखळीवर ठेवावे. उरलेले आमिष सकाळी मोजून परत घ्यावे. मेलेले उंदीर रोज गोळा करून, कुत्र्याच्या पंजास लागणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात पुरावेत व वर मोठा दगड ठेवावा. टेरियर अडीच फुटांपर्यंत सहज उकरतो.